इतर हक्कांच्या रकान्यात

सातबाऱ्यावर क्षेत्र, भोगवटादाराचं नाव, आकारणी हे सगळं ठळक दिसतं. जमिनीचे व्यवहार कोळून प्यायलेला माणूस मात्र उतारा हातात आला की आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचतो. विहिरीत हिस्सा कुणाचा, वाट कुणाच्या शेतातून, सोसायटीचा बोजा किती, हे तिथे असतं. पुढच्या दोन पिढ्यांची भांडणंही बहुधा तिथूनच निघतात.

आकाशातल्या लहरींचाही असा एक उतारा आहे. त्याचं नाव ‘रेडिओ रेग्युलेशन्स’. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, तो जिनिव्हाहून प्रसिद्ध करतो. चार खंडांचा हा दस्त १९४ सदस्य देशांमधला करार आहे. त्यातलं पाचवं कलम म्हणजे वाटपाचा तक्ता. ८.३ किलोहर्ट्झपासून २७५ गिगाहर्ट्झपर्यंत कुठला पट्टा कुठल्या सेवेचा, हे तिथे तीन स्तंभांत लिहिलेलं आहे: पहिला युरोप-आफ्रिकेचा, दुसरा अमेरिका खंडांचा, तिसरा आपला, म्हणजे बहुतेक आशिया आणि ओशनियाचा. सेवेचं नाव मोठ्या लिपीत असेल तर तिचा दर्जा प्राथमिक, लहान लिपीत असेल तर दुय्यम. दुय्यम सेवेने प्राथमिक सेवेला त्रास द्यायचा नाही आणि तिच्याकडून त्रास झाला तर तक्रारही करायची नाही.

तक्त्याच्या खाली तळटीपा आहेत, शेकड्यांनी. त्यातली ५.२२५ क्रमांकाची टीप जेमतेम एका वाक्याची आहे: ऑस्ट्रेलिया आणि भारत या देशांत १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रालाही प्राथमिक दर्जाने दिलेला आहे. आपल्या स्तंभात वर ठळक अक्षरांत वायरलेस संचाराच्या सेवा आहेत. खगोलशास्त्राचा हक्क खाली, इतर हक्कांच्या रकान्यात, दोनच देशांच्या नावावर.

त्या हक्काचं शेत जुन्नर तालुक्यात आहे. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे आणि तिचा एक पट्टा नेमका १५० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. हायड्रोजनच्या अणूची खूण मुळात १४२० मेगाहर्ट्झला उमटते, लांबी २१ सेंटिमीटर. विश्व बाल्यावस्थेत असताना निघालेली तीच लहर प्रसरणामुळे ताणली जाऊन आपल्यापर्यंत पोचते तेव्हा साधारण दोन मीटरची झालेली असते, म्हणजे १५० मेगाहर्ट्झच्या घरात. ती वारंवारता माणसाने ठरवलेली नाही. बाकीच्यांना ‘जरा सरकून बसा’ म्हणता येतं, हायड्रोजनला ते सांगायची सोय नाही. अर्थात तळटीप सगळ्यापासून वाचवत नाही. शेजारच्या वाहनाच्या स्पार्क प्लगची किंवा विजेच्या तारेवरच्या ठिणगीची दखल ती घेत नाही. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आखणी करताना खोडदचा प्रश्न आला, तो देशातल्या देशातच सोडवावा लागला.

मग असं एक वाक्य करारात शिरतं तरी कसं? आणि शिरलेलं टिकतं कसं?

या उताऱ्यात फेरफार करण्याचा अधिकार एकाच सभेला आहे: जागतिक रेडिओसंचार परिषद. ती तीन-चार वर्षांतून एकदा, चार आठवडे भरते. २०१९ साली ती इजिप्तमधल्या शर्म अल शेख इथे झाली, २०२३ साली दुबईत. साडेतीन-चार हजार माणसं जमतात. उद्घाटनाला मंत्री येतात, छायाचित्रं निघतात, बातमी छापून येते. करार बदलतो तो त्यानंतर, आणि बहुतेक वेळा खिडकी नसलेल्या खोलीत.

परिषदेची विषयपत्रिका आधीच्याच परिषदेने आखून ठेवलेली असते. म्हणजे आज तुमच्या देशाला एखादा पट्टा हवा असेल तर त्यासाठीचा विषय चार वर्षांपूर्वी पत्रिकेवर चढलेला असायला हवा. नसेल तर या खेपेला फक्त पुढच्या पत्रिकेवर तो चढवण्यासाठी धडपडायचं. हा शेवटचा मुद्दा, क्रमांक १०, वरवर प्रशासकीय वाटतो. नवखी शिष्टमंडळं तो आपल्यातल्या सगळ्यात कनिष्ठ माणसाकडे सोपवतात. मुरलेली शिष्टमंडळं तिथे आपला सर्वात चिवट माणूस बसवतात.

विषय चढला की तांत्रिक अभ्यास सुरू होतो. सभा संपल्यावर लगेच तयारी-बैठकीचं पहिलं सत्र भरतं आणि कुठल्या अभ्यासगटाने काय तपासायचं ते ठरतं. दुसरं सत्र पुढच्या परिषदेच्या काही महिने आधी. त्यातून निघणाऱ्या जाड अहवालात प्रत्येक विषयाखाली पर्याय असतात: पद्धत अ, पद्धत ब, पद्धत क. यातली एक जवळजवळ नेहमीच ‘काही बदलू नका’ अशी असते. समांतर पातळीवर सहा प्रादेशिक गट आपापली भूमिका शिजवत असतात. भारत आशिया-पॅसिफिक दूरसंचार समुदायात बसतो. खरं घोडं इथे पेंड खातं. प्रादेशिक गटात ज्या देशाने तोंड उघडलं नाही, त्याला परिषदेत एकट्याने उभं राहावं लागतं, आणि एकट्या देशाच्या प्रस्तावाला ‘आम्हाला अभ्यासाला वेळ मिळाला नाही’ एवढं एकच वाक्य पुरतं.

प्रत्येक प्रस्तावाच्या डोक्यावर एक शिक्का असतो: नवा मजकूर, दुरुस्ती, वगळणे किंवा बदल नाही. शेवटचा शिक्का मला सगळ्यात लबाड वाटतो. काहीच न मागणारा देशही कागद घालून ‘बदल नाही’ मागतो, कारण गप्प राहिलात तर तुमच्या वतीने कुणीतरी दुरुस्ती मागून बसतो.

ज्यावर एकमत नाही तो मजकूर चौकोनी कंसात जातो. परिषदेच्या पहिल्या आठवड्यात मसुदे कंसांनी बुजबुजलेले असतात. कंसात कंस, त्यातही पर्यायी आकडे. चार आठवड्यांचं काम म्हणजे हे कंस काढणं. कंस काढायचे मार्ग तीनच: एकाने माघार घ्यायची, दोघांनी मधला शब्द शोधायचा, किंवा तो मजकूर मुख्य नियमातून उचलून ठरावात टाकायचा. तिसरा मार्ग सर्वात जास्त वापरला जातो. ठरावालाही मजले असतात. ‘विचारात घेऊन’ आणि ‘मान्य करून’ या शब्दांखाली कुणाचंही दुःख लिहिता येतं, त्याने कुणाचंच काही बिघडत नाही. बांधून घेणारा भाग ‘ठरवते’ या क्रियापदाखाली येतो. त्याच्याही खाली ‘प्रशासनांना आवाहन करते’ असं असतं, तिथे टाकलेली गोष्ट म्हणजे लग्नपत्रिकेतलं ‘हेच आग्रहाचं निमंत्रण’. हरलेल्या देशाच्या मागणीची वरच्या मजल्यावर सन्मानाने सोय लावायची आणि मधला मजला आपल्या ताब्यात ठेवायचा, ही मसुदा लिहिणाऱ्यांची जुनी कला.

मजकूर पक्का झाला की तो संपादन समितीकडे जातो, तिथून महासभेत. पहिल्या वाचनाचा कागद निळा, दुसऱ्याचा गुलाबी. आता सगळं पडद्यावर असलं तरी रंगांची नावं टिकून आहेत. गुलाबी झालेला मजकूर पुन्हा उघडणं जवळजवळ अशक्य. आणखी एक गंमत अशी की रात्रीच्या मसुदा गटांत दुभाषे नसतात, तिथली भाषा इंग्रजी. करार मात्र अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या सहा भाषांत प्रमाण, आणि त्यांच्यात तफावत निघालीच तर फ्रेंच मजकूर खरा धरायचा. इंग्रजीत रात्रभर ज्या शब्दासाठी घसा कोरडा केला, त्याचं फ्रेंच रूप सकाळी कसं उतरलं हे बघणारा माणूस ज्या देशाकडे आहे, तो देश श्रीमंत समजावा.

आकड्याचं भांडण कसं असतं त्याचा नमुना २०१९ सालचा आहे. फाइव्ह-जीसाठी २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झ हा पट्टा द्यायचा होता. त्याच्या खालच्या अंगाला २३.६ ते २४ गिगाहर्ट्झ हा पट्टा आहे आणि त्यावर तळटीप ५.३४० चा पहारा आहे. ती म्हणते, इथे कोणतंही प्रक्षेपण निषिद्ध. कारण पाण्याची वाफ २२.२३५ गिगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच क्षीण लहरी सोडते. त्या शिखराच्या जरा बाजूला, २३.८ गिगाहर्ट्झला कान लावून हवामान उपग्रह वातावरणातली वाफ मोजतात. ते काहीही पाठवत नाहीत, फक्त ऐकतात. अरबी समुद्रावरून किती ओल किनाऱ्याकडे सरकते आहे याचा अंदाज बांधणारी गणिती प्रारूपं जगभर असल्या मोजमापांवर चालतात.

दोन पट्ट्यांमधला बांध २५० मेगाहर्ट्झ रुंदीचा. पण कुठलाही प्रक्षेपक आपल्या हद्दीत शंभर टक्के राहत नाही, थोडं पाणी बांधाखालून झिरपतंच. उपग्रहाला ही गळती ‘गळती’ म्हणून ओळखता येत नाही. त्याला ती जास्तीची वाफ वाटते. मोजमाप साफ बंद पडलं तर निदान कळतं तरी. इथे ते चालू राहतं आणि थोडंसं खोटं होतं. हवामानशास्त्रज्ञांची झोप उडाली ती त्या ‘थोडंसं’मुळे.

तर प्रश्न असा, की गळती किती चालेल? मोजायचं एकक डेसिबल-वॉट, दर २०० मेगाहर्ट्झला. अमेरिकेच्या देशांतर्गत नियमात आकडा होता उणे २०, म्हणजे १० मिलिवॉट. युरोपीय देशांची मागणी मोबाइल मनोऱ्यांसाठी उणे ४२ ची. जागतिक हवामान संघटनेला हवं होतं उणे ५५, म्हणजे जेमतेम ३ मायक्रोवॉट. वर्तमानपत्रात २० आणि ५५ या आकड्यांत फारसं अंतर दिसत नाही. पण डेसिबलची शिडी गुणाकाराची: दर १० पायऱ्यांना दहापट. या दोन टोकांमधला फरक तीन हजार पटींहून मोठा होता.

एकाच भौतिकशास्त्रातून इतके वेगळे आकडे कसे निघतात? कुणी खोटं बोलत नसतं. प्रत्येक जण गृहीतकं निवडत असतो. एका चौरस किलोमीटरमध्ये मनोरे किती, अँटेना जमिनीकडे किती अंश झुकलेली, जाळं किती टक्के वेळ गजबजलेलं, उपग्रहाला सोसेल त्या एकूण त्रासातला किती वाटा फाइव्ह-जीला आणि किती इतरांना. प्रत्येक ठिकाणी तीन डेसिबल आपल्या बाजूला ओढले, तर पाच गृहीतकांत पंधरा डेसिबल होतात आणि आकडा तीसपट हलतो. म्हणून शहाणं शिष्टमंडळ निष्कर्षावर वाद घालत नाही. ते दोन वर्षं आधी, जेव्हा अभ्यासगटात गृहीतकांची यादी बनते, तेव्हा हजर असतं. त्या बैठका कंटाळवाण्या असतात, प्रवासखर्चाची फाइल वित्त विभागात अडकते, आणि मग परिषदेत ऐनवेळी ‘हे आकडे आम्हाला मान्य नाहीत’ म्हणायची पाळी येते. तोवर ते आकडे अहवालात छापून झालेले असतात.

शेवटी तोडगा निघाला तो असा: मनोऱ्यांसाठी उणे ३३, आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर सुरू होणाऱ्यांसाठी उणे ३९. हातातल्या उपकरणांसाठी उणे २९, पुढे उणे ३५. म्हणजे मनोऱ्यांच्या बाबतीत अर्ध्या मिलिवॉटवरून त्याच्या चतुर्थांशावर. तारखेमागचा हिशेब सरळ आहे: सुरुवातीची यंत्रं डिझाइन होऊन बसली होती, पुढच्या पिढीला फिल्टर सुधारायला वेळ हवा होता, आणि तोवर जाळी विरळच असतील असं धरलं गेलं. युरोपच्या हवामान अंदाज केंद्राने उघड नाराजी व्यक्त केली. भारतात या पट्ट्याचा लिलाव २०२२ साली झाला. माझ्या मते उणे ३३ हा विज्ञानाचा आकडा नव्हे, तो परिषदेच्या चौथ्या आठवड्याचा आकडा आहे. पण तो करारात आहे. मोजता येतो, आणि मोडला तर बोट ठेवता येतं. तेवढं तरी हाताला लागलं.

चौथा आठवडा म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. एकाच वेळी दहा-बारा गट वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. मोठ्या देशांची शंभराहून जास्त माणसं असतात, प्रत्येक कंसामागे एक. लहान देशाची तीन माणसं असतात, त्यातला एक राजदूत कार्यालयातून आलेला. तो बिचारा कुठल्या खोलीत बसणार? मग प्रादेशिक गटातला कुणी समन्वयक त्याच्या वतीने बोलतो, आणि त्या समन्वयकाचा देश कुठला यावर बरंच ठरतं. गटप्रमुख रात्री दहाला म्हणतो की ‘सहा जण बाहेर जाऊन शब्द ठरवून या’. बाहेर म्हणजे कॉफीच्या टेबलापाशी. त्या सहांमध्ये लॅपटॉप ज्याच्या मांडीवर असतो त्याचं पारडं जड, कारण पहिलं वाक्य त्याचं असतं. बाकीचे ते वाक्य दुरुस्त करतात, बदलत नाहीत.

यात मतदान का होत नाही, असं बाहेरचा माणूस विचारतो. नियमात मतदान आहे. पण लहरीला सीमा कळत नाही. बहुमताने हरवलेला देश करारावर सही करताना हरकतीचं निवेदन जोडतो आणि घरी जाऊन त्याला हवं ते करतो, त्याच्या मनोऱ्याचा त्रास शेजाऱ्याला होतच राहतो. हरलेला शेजारी हा जिंकण्यापेक्षा महाग पडतो, हे रेडिओवाल्यांना शंभर वर्षांच्या अनुभवाने कळलेलं आहे. १९०२ साली प्रशियाचा राजपुत्र हाइनरिश अमेरिकेहून परतताना बोटीवरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना आभाराची तार पाठवू पाहत होता. बोटीवरचं यंत्र जर्मन बनावटीचं, किनाऱ्यावरचं केंद्र मार्कोनी कंपनीचं, म्हणून संदेश घेतला गेला नाही. त्या अपमानातून १९०३ ची बर्लिनची प्राथमिक सभा निघाली आणि १९०६ साली पहिला आंतरराष्ट्रीय रेडिओ करार झाला. कुणाचंही यंत्र असो, किनाऱ्याने संदेश घ्यायचा, हे त्यात आलं.

मतांची मोजणी झाली की काय होतं ते २०१२ च्या डिसेंबरात दुबईला दिसलं. ती परिषद रेडिओची नव्हती. १९८८ साली मेलबर्नला झालेले आंतरराष्ट्रीय दूरसंचाराचे नियम सुधारण्यासाठी ती भरली होती आणि त्यात इंटरनेटचा विषय घुसला. एका मध्यरात्री अध्यक्षांनी इंटरनेटविषयक ठरावावर सभागृहाचा कल अजमावला. हे मतदान नाही, असंही सांगितलं. निम्म्या सभागृहाला ते मतदानच वाटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका मुद्द्यावर खरंखुरं मतदान झालं आणि भांडं फुटलं. अमेरिकेने सही करणार नाही म्हणून जाहीर केलं, मागोमाग बरेच उठले. शेवटी १४४ पैकी ८९ देशांनी सह्या केल्या, ५५ जणांनी केल्या नाहीत. भारताने त्या दिवशी सही केली नाही. एकाच विषयावर जुना करार काहींना लागू, नवा काहींना, अशी दोन नियमांची दुनिया त्यातून झाली. नंतरच्या सभांतले अध्यक्ष ‘कल’ हा शब्दही जपून वापरतात.

सभा कूर्मगतीनेच चालते असं मात्र नाही. मलेशियाचं एमएच३७० हे विमान मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालं. त्याच वर्षी बुसानला भरलेल्या सर्वाधिकारी परिषदेने, म्हणजे आयटीयूच्या सर्वोच्च सभेने, विषय ऐनवेळी पत्रिकेवर चढवला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये १०९० मेगाहर्ट्झभोवतीचा छोटा पट्टा उपग्रहांना विमानांचे संकेत ऐकण्यासाठी मिळाला. २० महिने. उलट घड्याळात अधूनमधून घालायचा लीप सेकंद ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न २०१२ मध्ये २०१५ वर टाकला गेला आणि २०१५ मध्ये २०२३ वर. एका सेकंदासाठी अकरा वर्षं. पहिल्या वेळी सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, एवढाच फरक.

तळटीपेची ताकद २०२३ मध्ये पुन्हा दिसली. ६४२५ ते ७०२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइलला की वायफायला, यावर जगाचे दोन तट पडले होते. आपल्या स्तंभात तो सरसकट मोबाइलसाठी ठरला नाही. पण एका टीपेत कंबोडिया, लाओस आणि मालदीव ही तीन नावं आली. मालदीवची वस्ती पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढी. तिथे किती फोन विकले जाणार? प्रश्न विक्रीचा नव्हताच. आशियाच्या स्तंभात दाराला फट पडली हे महत्त्वाचं. पुढच्या परिषदेत चौथा देश येऊन म्हणू शकतो, ‘आमचंही नाव त्या ओळीत घाला.’

त्यासाठी एक मुद्दाही पत्रिकेवर कायमचा आहे, क्रमांक ८. त्याचा अधिकृत हेतू बरोबर उलटा: ज्या देशांना गरज उरली नाही त्यांनी तळटीपांतून आपली नावं कमी करून घ्यावीत. सातबाऱ्यावरचा फिटलेला बोजा उतरवतात तसं. तक्ता सुटसुटीत व्हावा, जग एकसारखं व्हावं, ही इच्छा. प्रत्यक्षात या मुद्द्याखाली काही देश नावं काढायला येतात आणि बरेच जण घालायला. अध्यक्ष पहिल्याच आठवड्यात आठवण करून देतात की नावं घालणं या मुद्द्यात बसत नाही. मग एक मुदत ठरते, त्या मुदतीपर्यंत आलेल्या विनंत्या भिंतीवर लावल्यासारख्या सगळ्यांसमोर ठेवल्या जातात, आणि शेजारी देशाची हरकत नसेल तर नाव चढतं. हरकत असेल तर दोन्ही देशांचे अधिकारी मार्गिकेत उभे राहून बोलतात. कधी एखादी अट घालून मिटतं, कधी पुढच्या चार वर्षांवर जातं.

या गर्दीत ५.२२५ ची टीप कुणी उघडत नाही. दोनच नावं आहेत, ऑस्ट्रेलिया आणि भारत. कुणाला त्यात शिरायचं नाही, कुणी त्यांना काढा म्हणत नाही. काढायचा अधिकार ज्याचं नाव त्यालाच. म्हणून दर खेपेला दिल्लीहून निघणाऱ्या शिष्टमंडळाच्या कागदांत, मुद्दा ८ समोर, त्या टीपेपुढे ‘बदल नाही’ हे दोन शब्द ध्यानात ठेवणारा एक माणूस लागतो.